खराब बॅटरी परत घेणारा एडिसन आणि स्वस्तात मिळणारी जुनी हायब्रिड

जुना फोन घेताना आपण आधी काय विचारतो? बॅटरी हेल्थ. 90 टक्के असेल तर पुढची बोलणी, 78 असेल तर हजार-दोन हजार कमी करा. आता हाच प्रश्न तीन-साडेतीन लाखांच्या गाडीचा आहे असं समजा. नव्या असताना वीस-तीस लाखांना मिळणाऱ्या हायब्रिड गाड्या आता सेकंडहँड बाजारात छोट्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी किमतीत दिसतात. लेदर सीट, गुळगुळीत गिअर, मायलेज भारी. आणि जाहिरातीच्या शेवटी एक ओळ: बॅटरीचं थोडं काम आहे.

त्या थोड्या कामाबद्दल लिहायचं म्हणून मी वाचायला बसलो आणि एका माणसापाशी अडकलो. थॉमस अल्वा एडिसन. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो बल्बवाला म्हणून येतो आणि बल्ब लागला की धडा संपतो. पण याच माणसाच्या आयुष्यातली साधारण दहा वर्षं गाडीच्या बॅटरीत गेली. त्याने एकदा बाजारात कच्ची बॅटरी विकली, तीही मोठा गाजावाजा करून. त्यानंतर त्याने जे केलं ते मला बल्बपेक्षा मोठं वाटतं. शिवाय बऱ्याच जुन्या हायब्रिडमध्ये जी निकेलची बॅटरी असते, तिच्या खानदानात एडिसन आहेच. म्हणून आजचा लेख त्याच्या आयुष्यावर. गाडीचं काय बघायचं ते वाटेत येईल.

रेल्वेत पेपर विकणारा पोरगा

एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान नावाच्या गावचा. सात भावंडांत सगळ्यात धाकटा. पुढे घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. शाळेत तो फार काळ टिकला नाही, आईनेच घरी शिकवलं. ऐकायला लहानपणापासून कमी येत होतं. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या गाडीत पेपर आणि गोळ्या-बिस्किटं विकायला लागला. मी वरणगावचा. भुसावळ जंक्शनला थांबलेल्या गाडीत केळी आणि चहा घेऊन चढणारी पोरं बघत मोठा झालो, त्यामुळे मला हा एडिसन प्रयोगशाळेतल्या एडिसनपेक्षा जवळचा वाटतो. फरक इतकाच की हा पोरगा सामानाच्या डब्यात रसायनांच्या बाटल्या ठेवून प्रयोग करायचा, आणि त्याच डब्यात छोटं छापयंत्र ठेवून स्वतःचा पेपरही काढायचा.

1862 मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळावरून ओढून वाचवलं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं. इथे त्याची बॅटरीशी गाठ पडली. तेव्हा घराघरात वीज नव्हती, वीजघरंही नव्हती. तार पाठवायची तर वीज बॅटरीतूनच यायची. तारऑफिसात आम्लाने भरलेल्या काचेच्या बरण्यांच्या रांगा असायच्या.

1867 मध्ये तो लुईव्हिलला तारऑफिसात रात्रपाळी करत होता. रात्रपाळी मुद्दाम मागून घेतलेली, कारण रात्री काम कमी आणि प्रयोगाला वेळ जास्त. एका रात्री लेड बॅटरीवर काहीतरी करताना सल्फ्युरिक आम्ल सांडलं, फळ्यांच्या फटींतून खाली झिरपलं आणि खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर टपकलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. लेड-अ‍ॅसिड बॅटरीशी त्याचं पुढे आयुष्यभर जमलं नाही. त्याला ही रात्र कारण होती असं मी म्हणत नाही, पण मजा वाटते.

पुढची वीस वर्षं तुम्हाला माहीत असलेलीच आहेत, भराभर जाऊ. 1869 मध्ये पहिलं पेटंट, मत नोंदवणाऱ्या यंत्राचं, जे कुणाला नको होतं. 1876 मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, 1877 मध्ये फोनोग्राफ, 1879 मध्ये टिकणारा बल्ब. 4 सप्टेंबर 1882 ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू झालं. तिथून डीसी वीज जेमतेम मैल-दीड मैल जायची. आमच्या शेजारच्या दीपनगरच्या वीजकेंद्राची वीज अशी असती तर ती भुसावळसुद्धा ओलांडली नसती. एसी वीज लांब जाते हे वेस्टिंगहाऊस आणि टेस्लाच्या बाजूने दिसत असतानाही एडिसन डीसीला चिकटून बसला, आणि एसी किती धोकादायक आहे हे दाखवायला त्याच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना शॉक देऊन मारलं गेलं. या प्रकरणात त्याची बाजू घ्यावी असं मला काही सापडलं नाही. तो हरला. 1892 मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि पाटीवरून त्याचं नावही गेलं.

मग त्याने शेअरचे पैसे न्यू जर्सीत ओग्डेन्सबर्ग इथे एका उद्योगात घातले. हलक्या प्रतीचा खडक दळायचा आणि चुंबकाने त्यातलं लोखंड वेगळं काढायचं. दहाएक वर्षं खपला. तोवर मेसाबी भागात चांगलं आणि स्वस्त लोहखनिज निघालं आणि एडिसनचे वीस लाख डॉलरपेक्षा जास्त पैसे दगडात गेले. वय पन्नाशीच्या पुढे, हातातला उद्योग बुडालेला. इथून बॅटरीची गोष्ट सुरू होते.

शिशाला कंटाळलेली दुनिया

1900 चं साल डोळ्यासमोर आणा. त्या वर्षी अमेरिकेत बनलेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून जास्त इलेक्ट्रिक होत्या, बाकीच्या वाफेच्या आणि पेट्रोलच्या. पेट्रोल गाडीला हँडल मारून सुरू करावं लागायचं, उलटा झटका बसून मनगट मोडायचं. इलेक्ट्रिक गाडीत बसा आणि चालवा. त्याच सुमारास व्हिएन्नात फर्डिनांड पोर्शे नावाचा पंचविशीतला इंजिनिअर पेट्रोल इंजिनाने वीज बनवून चाकातली मोटर फिरवणारी गाडी बनवत होता, म्हणजे हायब्रिडच. बॅटरीच्या ओझ्याने तोही वैतागला होता. सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडत होतं.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी 1859 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तोँ प्लांते याने बनवली. आजही तुमच्या बाइकमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये तीच आहे. तिचे दोन त्रास. शिसं प्रचंड जड, आणि आत आम्ल, त्यामुळे प्लेटा झिजतात. पूर्ण रिकामी करून ठेवली तर खराब होते, हे इन्व्हर्टर वापरणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. 1883 मध्ये एडिसनने साठवणीच्या बॅटऱ्यांची जाहीर टर उडवली होती, कंपन्या काढून लोकांना गंडवायचं साधन असा त्याचा सूर होता. आणि आता तोच माणूस बॅटरी बनवायला निघाला.

त्याचा विचार सरळ होता. आम्ल नको, क्षार वापरू. शिसं नको, हलकं काहीतरी घेऊ. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात टिकेल आणि पुन्हा पुन्हा चार्ज होईल अशी धातूंची जोडी शोधायची. हजारो प्रयोग झाले. नेमका आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. शेवटी जोडी ठरली ती निकेल आणि लोखंड. इथे एक गोष्ट आपल्या पुस्तकांत येत नाही. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा शास्त्रज्ञ याच वाटेवर होता. निकेल-कॅडमियम बॅटरी त्याची, आणि निकेल-लोखंडावरही त्याने काम केलं होतं. पेटंटवरून दोघांची कोर्टबाजी झाली. एडिसनकडे पैसा आणि वकील दोन्ही होते, युंगनर त्यात पिचला. म्हणून ही बॅटरी एकट्या एडिसनची असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

1901 मध्ये एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी उभी राहिली. 1903 च्या सुमारास पहिली बॅटरी बाजारात आली, तिचं नाव टाइप ई. पेपरवाल्यांसमोर एडिसनने आधीच मोठमोठी विधानं करून ठेवली होती. हलकी, आम्ल नाही, वर्षानुवर्षं टिकणारी. डिलिव्हरी गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांनी ऑर्डरी दिल्या, सुरुवातीला गाड्या पळाल्याही.

मग तक्रारी यायला लागल्या. डब्यांच्या सांध्यांमधून क्षार गळायचा. काही सेलची ताकद भराभर उतरायची. सगळ्यांची नाही, काहींची. बॅटरीत हाच प्रकार सगळ्यात छळतो, आणि जुनी हायब्रिड घेणाऱ्याने हाच नीट समजून घ्यायला हवा.

एक सेल, अख्खा पॅक

गाडीची बॅटरी म्हणजे एक मोठा डबा नसतो. छोटे छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. एडिसनचा सेल साधारण 1.2 व्होल्टचा. आजच्या निकेल-मेटल हायड्राइड हायब्रिड बॅटरीतला सेलसुद्धा 1.2 व्होल्टचाच, कारण पॉझिटिव्ह बाजूला तेच निकेल आणि मध्ये तोच पोटॅशियम हायड्रॉक्साइड. बदलली ती दुसरी बाजू. लोखंडाच्या जागी हायड्रोजन शोषून धरणारा मिश्रधातू आला. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये असे 168 सेल ओळीत आहेत, म्हणून पॅक 201.6 व्होल्टचा होतो.

ओळीत जोडलं की प्रत्येक सेलमधून सारखाच करंट जातो. जू खांद्यावर असलेल्या सहा बैलांतला एक लंगडा असेल तर नांगर त्याच्याच चालीने चालतो. एक सेल कमजोर असेल तर तो बाकीच्यांच्या आधी रिकामा होतो. बाकीचे अजून करंट ढकलत असतात, मग तो उलटा चार्ज व्हायला लागतो, गरम होतो, आणखी बिघडतो. 167 सेल ठणठणीत असले तरी गाडी एकाच्या तालावर नाचते. फोनमध्ये बहुधा एकच सेल असतो, म्हणून तिथे टक्केवारीचा एक आकडा पुरतो. हायब्रिडमध्ये सरासरी आकडा फसवतो. बघायचा असतो तो सेलगटांमधला फरक.

गेल्या उन्हाळ्यात मला हा फरक बघायची वेळ आली. आमचे मामा आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशांतून गाडी घ्यायची होती, मामींना जळगावला दवाखान्यात घेऊन जावं लागतं, दर वेळी कुणाची तरी गाडी मागणं त्यांना जड जात होतं. भुसावळच्या एका डीलरकडे दहा-बारा वर्षांची हायब्रिड सेडान त्यांच्या मनात भरली. कुठल्या कंपनीची ते इथे महत्त्वाचं नाही. डॅशबोर्डवर एकही लाइट नाही, एसी थंडगार, मामा सीटवर बसून खूश. मी सुट्टीवर आलो होतो, खिशात ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि फोनवर अ‍ॅप उघडायचं, इतकंच.

अ‍ॅपमध्ये एरर कोड शून्य. पण दुसरा एक आकडा असतो, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तो. तिथे आलं 9. म्हणजे गाडी दाखवण्याच्या आधी कुणीतरी कोड पुसला होता. लाइट नव्हता, कारण तो विझवलेला होता. मग भुसावळहून वरणगावच्या दिशेने हायवेला घेतली, एसी फुल, उड्डाणपुलाच्या चढावर जोरात. सेलगटांचे व्होल्ट स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसत होते. सगळे थोडे थोडे खाली येत होते आणि एक गट धाडकन खाली. ब्रेक मारला की तोच गट सगळ्यांच्या वर उडी मारायचा. दहा मिनिटांत बॅटरीचं चिन्ह भरलेल्यावरून रिकाम्यावर आणि परत. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीचा पंखा ओरडायला लागला. त्याच्या जाळीत बोट घातलं तर कापसाचे तंतू आणि धुळीचा लगदा निघाला.

खान्देशात ही जाळी फार महत्त्वाची आहे. हायब्रिडची बॅटरी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटजवळ असते आणि केबिनमधलीच हवा ओढून स्वतःला थंड ठेवते. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, काचा बंद करून उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टी होते. निकेलच्या सेलला उष्णता सहन होत नाही. आतलं पाणी हळूहळू वाफ होऊन जातं, आतला रोध वाढतो, क्षमता घटते. त्यात जाळी बुजलेली. तीच गाडी नाशिकला सावलीत वाढली असती तर कदाचित बरी निघाली असती.

एक सांगून ठेवतो. स्कॅनर लावणं सुरक्षित आहे, पॅक उघडणं नाही. जाड नारिंगी वायर म्हणजे दोनशे व्होल्टच्या पुढचा डीसी. व्हिडिओ बघून ते झाकण उघडायचं धाडस करू नका. जीव जातो.

डीलरचं म्हणणं, खराब मॉड्यूल तेवढं बदलून देतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण थकलेल्या सोबत्यांमध्ये एक ताजं मॉड्यूल घातलं की ताळमेळ बसत नाही, काही महिन्यांत पुढचं कमजोर मॉड्यूल डोकं वर काढतं, मग त्याच्या पुढचं. सगळे सेल मोजून, जुळवून पुन्हा बांधलेला पॅक वेगळा, आणि नवा पॅक त्याहून वेगळा. नव्या पॅकचं कोटेशन आणलं तर ते गाडीच्या मागितलेल्या किमतीच्या निम्म्यापुढे गेलं. मामांनी कागदावर हिशोब मांडला. त्यांना अजूनही ती गाडी हवी होती, हे तोंडावर दिसत होतं.

परत घेतलेली बॅटरी

1904 च्या शेवटी एडिसनसमोरही हिशोबाचा कागद होता. ऑर्डरी येत होत्या, कारखाना चालू होता. गळणाऱ्या डब्यांची दुरुस्ती करून, मधले कमजोर सेल बदलून देऊन विक्री चालू ठेवता आली असती. बरीच गिऱ्हाइकं तर टाइप ईवर समाधानी होती. त्याने उत्पादन थांबवलं. विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या, लोकांचे पैसे परत दिले. लोखंडाच्या उद्योगात हात पोळलेला माणूस, आणि हा खर्च मुख्यतः फोनोग्राफच्या कमाईतून. मला या माणसाच्या बऱ्याच गोष्टी आवडत नाहीत. पेपरमधली बढाई आवडत नाही, युंगनरशी वागणं आवडत नाही, कुत्र्यांचं तर नाहीच. पण हे आवडतं.

त्यानंतरची चार-पाच वर्षं त्याने पुन्हा मुळापासून सुरुवात केली. टाइप ईमध्ये निकेलचं हायड्रॉक्साइड चपट्या पोलादी खिशांत भरलेलं असायचं. ते स्वतः वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यात ग्रॅफाइटची पूड मिसळलेली. चार्ज होताना मसाला फुगायचा, डिस्चार्ज होताना आकसायचा, हळूहळू कणांचा एकमेकांशी संपर्क सुटायचा आणि ग्रॅफाइटही खराब व्हायचं. म्हणजे आत निकेल असायचं, पण त्याच्यापर्यंत वीज पोचायची नाही.

त्याने खिसे काढले आणि बारीक छिद्रांच्या पोलादी नळ्या आणल्या, फुगून फुटू नयेत म्हणून बाहेरून कड्या बसवल्या. ग्रॅफाइटच्या जागी निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे. ते बनवायची युक्ती मला फार आवडली: तांबं आणि निकेलचे एकावर एक थर विजेने चढवायचे, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि मग तांबं विरघळवून टाकायचं. उरतात ते निकेलचे वर्खासारखे पापुद्रे. नळीत एक थर मसाला, एक थर पापुद्रे, असे शेकडो थर दाबून भरायचे. आणि क्षारात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड टाकलं तर क्षमता आणि आयुष्य दोन्ही वाढतं, हेही त्याच काळात सापडलं. तुमच्या फोनमधल्या लिथियम-आयनशी याचा थेट संबंध नाही, तिथे लिथियमचं काम अगदी वेगळं आहे. तरी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गाडीच्या बॅटरीत लिथियम होतं, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

या वेळी त्याने आधी मार खायला लावला, मग विकली. बॅटऱ्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकल्या, यंत्रावर दिवसचे दिवस आदळल्या, गाड्यांत बसवून खराब रस्त्यांवर पळवल्या. नवी टाइप ए 1909 मध्ये बाजारात आली. एडिसन तेव्हा 62 वर्षांचा. या सगळ्यात दहा लाख डॉलरच्या वर पैसे गेले होते.

हे वाचून मी मामांना एक गोष्ट सुचवली. डीलरला सांगा, मॉड्यूल बदलून द्या, पूर्ण पैसे घ्या, फक्त कागदावर लिहून द्या की सहा महिन्यांत बॅटरीचा लाइट आला तर गाडी परत घेऊ. डीलर हसला, चहा मागवला, किंमत आणखी तीस हजारांनी उतरवली. लिहून द्यायला मात्र तयार झाला नाही. मामांनी चहा संपवला आणि उठले. पुढच्या महिन्यात त्यांनी एक साधी जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिच्यात लेदर नाही याचं दुःख ते अजून मामींना ऐकवतात.

जुनी हायब्रिड घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. नवा किंवा नीट जुळवलेला पॅक आणि त्याची लेखी वॉरंटी धरून जो खर्च होतो, तो किमतीत मिळवून मग ती गाडी स्वस्त पडत असेल तर जरूर घ्या. मामांच्या हिशोबात ती पडत नव्हती.

जिंकून हरलेली बॅटरी

टाइप ए चांगली होती. जड वापर सोसायची, पूर्ण रिकामी झाली तरी रुसायची नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या गाडीत ती साधारण 600 डॉलर जास्त देऊन मिळायची. गंमत म्हणजे हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची, कारण तिला नवऱ्याची हँडल मारायची गाडी नको होती. फोर्ड मुळात एडिसनच्याच डेट्रॉइटमधल्या वीज कंपनीत इंजिनिअर होता. 1896 मध्ये एका संमेलनात त्याने एडिसनला आपल्या पेट्रोल गाडीबद्दल सांगितलं, तेव्हा एडिसनने त्याला उत्तेजनच दिलं होतं. स्वतःच्या पुढच्या दहा वर्षांच्या कामावर पाणी ओतणारा माणूस समोर बसलाय, हे त्याला कसं कळणार?

1908 मध्ये मॉडेल टी आली आणि वर्षागणिक स्वस्त होत गेली. 1912 मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आणला, हँडल गेलं, आणि इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मोठं कारणच संपलं. त्या स्टार्टरला एक क्षण प्रचंड करंट लागतो. एडिसनच्या बॅटरीचा आतला रोध जास्त, थंडीत तर ती आणखी सुस्त, तिला तो झटका जमेना. लेड-अ‍ॅसिडला जमला. म्हणून आज तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली शिसं आहे. फोर्ड आणि एडिसनने मिळून स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काढायचा घाट 1914 च्या आसपास घातला होता, फोर्डचे बरेच पैसे त्यात गेले आणि गाडी काही बाजारात आली नाही.

गाड्यांनी नाकारलेली बॅटरी मग दुसरीकडे रुजली. रेल्वेचे सिग्नल, डब्यातले दिवे, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, कारखान्यातल्या सामान वाहणाऱ्या गाड्या. पाणबुड्यांसाठीही ती देऊन पाहिली. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. 15 जानेवारी 1916 ला न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ई-2 या पाणबुडीत त्याचा स्फोट झाला आणि माणसं मेली. एडिसनच्या नावाला तो मोठा धक्का होता. तरीही म्हातारपणी त्याला भरवशाचं उत्पन्न देणाऱ्या धंद्यांत ही बॅटरी वरच्या नंबरात होती.

शेवटच्या वर्षांत तो रबराच्या मागे होता, अमेरिकेत उगवणाऱ्या झाडांतून रबर काढायचं म्हणून हजारो झाडं तपासली. 18 ऑक्टोबर 1931 ला वेस्ट ऑरेंजला घरी तो गेला, वय 84. नावावर 1,093 अमेरिकी पेटंट. तीन दिवसांनी, अंत्यसंस्काराच्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी लोकांनी दिवे मंद केले.

बॅटरी त्याच्यानंतरही चालत राहिली. 1972 मध्ये एडिसनची बॅटरी कंपनी एक्साइड या अमेरिकी कंपनीने घेतली आणि 1975 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. त्या बॅटऱ्यांतला क्षार बदलून त्या अजून वापरणारी हौशी मंडळी आजही आहेत. 1997 मध्ये जपानमध्ये पहिली प्रियस आली तेव्हा तिच्या मागच्या सीटच्या पाठीशी 1.2 व्होल्टचे निकेलचे सेल ओळीने बसले होते.